निवृत्तीनंतर साड्या कमी का होतात आणि चपला महाग का होतात

नोकरीतून निवृत्त झालेल्या स्त्रियांची कपडेखरेदी कमी होते, हे साडीच्या दुकानातला जुना विक्रेता सहज सांगेल. ती का कमी होते, याची दोन उत्तरे लगेच पुढे येतात. पगार थांबून निवृत्तिवेतन सुरू झाले की हात आखडता घ्यावा लागतो, हे पहिले. वय वाढले की हौस ओसरते, हे दुसरे. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण ती पुरेशी नाहीत. पैसा हेच खरे कारण असते, तर त्याच काळात पादत्राणांवरचा खर्च वाढला नसता. सातशे-आठशे रुपयांच्या सँडलवर वर्षानुवर्षे समाधान मानलेली बाई साठीत तीन-साडेतीन हजारांचे बूट घेताना दिसली नसती. आणि हौस ओसरली असती, तर भजनी मंडळाच्या एकसारख्या साड्यांचा रंग ठरवताना होणाऱ्या चर्चा इतक्या लांबल्या नसत्या. खरेदी बदलते ती मुख्यतः दोन कारणांनी: कपडे पाहणारी माणसे बदलतात आणि कपडे घालणारे शरीर बदलते. पैशाचा क्रमांक त्यानंतर लागतो.

हा लेख पगारदार नोकरी केलेल्या स्त्रियांविषयी आहे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत निवृत्तीचे वय बहुतेक पदांना ५८ आहे आणि चतुर्थ श्रेणीला ६०. केंद्र सरकार आणि सार्वजनिक क्षेत्रातील बँकांमध्ये ते ६० आहे. शिक्षिका, परिचारिका, मंत्रालयातल्या लिपिक, बँकेतल्या अधिकारी अशा स्त्रियांच्या आयुष्यात एक निश्चित तारीख येते आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडी नेसून साडेआठची लोकल पकडण्याचे कारण उरत नाही. शेतात राबणाऱ्या, घरकाम करणाऱ्या किंवा स्वतःचेच घर सांभाळणाऱ्या बायकांच्या वाट्याला अशी तारीख येतच नाही, त्यामुळे त्यांची खरेदी हळूहळू बदलते आणि तिची कारणेही वेगळी असतात.

रोज तीच माणसे

नोकरदार स्त्रीच्या कपाटात साड्या किंवा पंजाबी ड्रेस किती असावेत, हे तिच्या आवडीपेक्षा तिला रोज कोण पाहते यावर ठरते. कार्यालयात, शिक्षकखोलीत, लोकलच्या ठरलेल्या डब्यात तीच माणसे रोज समोर असतात. त्या सगळ्यांना सोमवारी नेसलेली साडी गुरुवारी ओळखू येते. पुरुषांच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. चार पँटी आणि सहा शर्ट यांवर बदली होईपर्यंत काढणारे सहकारी प्रत्येक कार्यालयात असतात आणि त्यावर कोणी बोलत नाही. बाईने त्याच आठवड्यात तीच साडी पुन्हा नेसली तर मात्र मधल्या सुटीत डबा उघडताना कोणीतरी सहज म्हणून विचारतेच. हा अन्याय आहे, पण साड्यांच्या बाजाराचा बराच मोठा भाग त्यावर उभा आहे.

आकड्यांत मांडायचे तर असे. समजा, वर्षात कामाचे २४० दिवस आहेत आणि एका बाईकडे कार्यालयात नेसायच्या ३० साड्या आहेत. प्रत्येक साडी वर्षातून ८ वेळा नेसली जाईल. रोजच्या वापरातली एक साडी साधारण ८० वेळा नेसून, धुऊन, इस्त्री करून निस्तेज होते असे धरले, तर ती दहा वर्षे टिकते. म्हणजे कपाट आहे तसे ठेवायचे असेल तर दरवर्षी तीन साड्या घ्याव्याच लागतात, आणि नव्या रंगांची, नव्या काठांची हौस त्याच्यावर वेगळी. तीच बाई निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदाच बाहेर जाताना साडी नेसू लागली, तर वर्षाला शंभरेक वेळा तिला साडी लागेल. त्याच ३० साड्या सरासरी निम्म्या वापरून झालेल्या आहेत असे धरले, तरी त्या आता जवळजवळ १२ वर्षे पुरतील. एकही नवी साडी घेतली नाही तरी सत्तरीपर्यंत चालेल एवढा साठा तिच्याकडे निवृत्तीच्या दिवशीच असतो. खरेदी घटण्यामागे हे गणित आहे. मनाची विरक्ती त्यात फारशी नसते.

त्यातच कार्यालय हे स्वतः एक दुकान असते, ही बाब बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पगाराच्या आठवड्यात गाठोडे घेऊन येणारी साडीवाली, जेवणाच्या टेबलावर उलगडले जाणारे काठ, तीन हप्त्यांत पैसे देण्याची सोय आणि "तुला हा रंग खुलेल" असे म्हणणारी मैत्रीण या चारही गोष्टी एकाच जागी मिळतात. शारदीय नवरात्रात नऊ दिवस नऊ रंग नेसण्याची प्रथा मराठी वृत्तपत्रांनी या शतकाच्या पहिल्या दशकात लोकप्रिय केली आणि लोकलच्या महिला डब्यांपासून जिल्हा परिषदांच्या कार्यालयांपर्यंत ती इतकी रुजली की, करडा किंवा मोरपंखी रंग आपल्याकडे नाही म्हणून साडी घेणाऱ्या बायकांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही. निवृत्तीनंतर हे दुकान बंद होते. साडी घ्यायची तर मुद्दाम लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादरला जावे लागते, आणि मुद्दाम जाण्यासाठी कारण लागते.

नियमांचाही वाटा आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंत्रालय आणि शासकीय कार्यालयांतील कर्मचाऱ्यांच्या पोशाखाविषयी परिपत्रक काढले. त्यात स्त्रियांसाठी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता असे पोशाख सुचवले होते आणि कार्यालयात स्लिपर वापरू नये असेही म्हटले होते. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही असेच निर्देश आले आणि शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा वापरावा, जीन्स-टीशर्ट नको, असे ठरले. अनेक शाळांमध्ये तर साडीच हवी हा अलिखित नियम त्याच्या कितीतरी आधीपासून होता. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी हे सारे गळून पडते. तीस-पस्तीस वर्षे रोज साडी नेसलेल्या शिक्षिका निवृत्तीनंतर महिन्याभरात कुर्ती आणि पलाझोवर येतात, तेव्हा शेजारीपाजारी त्याला आधुनिकता म्हणतात. प्रत्यक्षात बहुधा ती केवळ सुटका असते. उलट काही जणी नोकरीत असताना धावपळीमुळे ड्रेस वापरत आणि निवृत्तीनंतर निवांतपणे साडी नेसू लागतात. दोन्ही दिशांनी होणारे हे बदल पाहिले की "वय झाले की साडी" किंवा "आता साडी कोण नेसते" ही दोन्ही सरसकट विधाने बाजूला ठेवावी लागतात.

अर्थशास्त्रज्ञांचे कोडे

निवृत्तीनंतर खर्च का घटतो, हा प्रश्न अर्थशास्त्रात गेली काही दशके चर्चिला गेला आहे. फ्रँको मोदिग्लियानी यांनी मांडलेल्या जीवनचक्र सिद्धांतानुसार माणूस कमाईच्या वर्षांत बचत करतो आणि पुढे ती वापरून आपले राहणीमान साधारण समान ठेवतो. १९८५ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले, त्यामागे हेही काम होते. हा सिद्धांत खरा असेल तर निवृत्ती ही आधीपासून ठाऊक असलेली घटना असल्यामुळे तिच्या आगेमागे खर्च एकदम पडायला नको. पण १९९८ मध्ये बँक्स, ब्लंडेल आणि टॅनर या अभ्यासकांनी ब्रिटनमधील कुटुंबांच्या खर्चाची आकडेवारी तपासली तेव्हा तो पडतो असे दिसले, आणि ही घट सिद्धांताने समजावता येईल त्यापेक्षा मोठी होती. लोकांनी पुरेशी बचत केलेली नसते, असा एक अर्थ त्यातून काढला गेला.

पुढे मार्क अग्वियार आणि एरिक हर्स्ट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी खर्चाचे तुकडे करून पाहिले. त्यांच्या २०१३ च्या अभ्यासात असे आढळले की उतारवयात जो खर्च घटतो तो प्रामुख्याने कपडे, रोजचा प्रवास आणि अन्न यांवरचा असतो. मनोरंजनासारख्या गोष्टींवरचा खर्च तसा घटत नाही. कपडे आणि प्रवास हे नोकरी करण्यासाठी लागणारे खर्च आहेत, आणि अन्नाच्या बाबतीत निवृत्त माणूस वेळ खर्चून पैसे वाचवतो. याचा सरळ अर्थ असा की नोकरीतल्या कपड्यांचा काही भाग ही चैन नव्हती, ते कामाचे साहित्य होते. सुताराने काम थांबवल्यावर नवा रंधा घेतला नाही तर कोणी त्याला काटकसरी म्हणत नाही. हे निष्कर्ष अमेरिकी कुटुंबांविषयीचे आहेत, हे विसरता कामा नये. आपल्याकडे लग्नकार्ये, आहेर आणि एकत्र कुटुंब यांमुळे चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. पण त्यामागची यंत्रणा पुण्यातही ओळखू येते.

गुंतागुंत कुठे होते ते पाहू. निवृत्तीच्या आधीचे वर्ष आणि नंतरची एक-दोन वर्षे या काळात खरेदी घटण्याऐवजी वाढते. निरोप समारंभासाठी एक चांगली रेशमी साडी घेतली जाते. सहकाऱ्यांकडून आणखी एक-दोन मिळतात. उपदानाची (ग्रॅच्युइटीची), भविष्यनिर्वाह निधीची आणि निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाची, म्हणजे त्याचा काही भाग आगाऊ एकरकमी घेण्याची, रक्कम एकदम हाती येते. अठ्ठावन्न-साठ हे वय बहुतेक घरांत मुलांच्या लग्नाचेही असते. त्यामुळे आयुष्यभर हप्त्यावर साड्या घेतलेली बाई येवल्याची पैठणी या काळात रोखीने घेते, आणि विहीणबाई म्हणून मिळणाऱ्या मानाच्या साड्या वेगळ्या. तो भर ओसरला की घट सुरू होते, आणि ती स्वतःसाठीच्या खरेदीत होते. सुना, मुली, नाती, भाचेसुना यांना द्यायच्या वस्त्रांची खरेदी टिकून राहते. किंबहुना दुकानात जाण्याचे ते उरलेले मुख्य निमित्त होते. दुकानदार ज्याला "आजींचे बजेट" म्हणून हिशेबात धरतो, ते बऱ्याचदा आजींच्या अंगावर येणारच नसते.

घरात साठलेल्या साड्यांचे काय करायचे, हाही याच काळातला प्रश्न. सुती साड्यांच्या गोधड्या होतात, काही बोहारणीकडे जातात, काठपदराच्या साड्यांचे नातींसाठी परकर-पोलके किंवा ड्रेस शिवून घेतले जातात. जुन्या खऱ्या जरीच्या साड्या चांदीसाठी विकत घेणारे व्यापारी अजूनही आहेत. त्यांना साडी दाखवण्यापूर्वी सराफाकडून जर तपासून घेणे शहाणपणाचे, कारण भाव ठरवणारा आणि घेणारा एकच माणूस असतो. ज्या रेशमी साड्या ठेवायच्या त्यांच्या घड्या दोन-तीन महिन्यांनी बदलाव्यात, नाहीतर घडीच्या रेषेवर जर तुटते आणि न नेसताच साडी विरते.

पाहणारे बदलतात, नाहीसे होत नाहीत

कार्यालयाची नजर गेली तरी भिशी, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, मंगळागौरीचे खेळ करणारे गट यांची नजर येते. फरक असा की या मंडळींची भेट आठवड्यातून एकदा किंवा महिन्यातून एकदा होते, आणि भिशीतल्या बायका वेगळ्या, देवळातल्या वेगळ्या. त्यामुळे तीच साडी तीन ठिकाणी नवी म्हणून चालते. काही गटांना मात्र गणवेश हवा असतो: भजन स्पर्धेसाठी बारा जणींच्या एकाच रंगाच्या साड्या, मंगळागौरीच्या कार्यक्रमासाठी शिवलेल्या नऊवारी. अशा साड्या घाऊक घेतल्या जातात आणि स्वस्त असतात, कारण त्या वर्षातून चार-पाच वेळाच लागणार हे सर्वांना माहीत असते.

प्रवास हे दुसरे नवे कारण. काश्मीर किंवा युरोपच्या सहलीसाठी थर्मल, जाकीट, पायमोजे ही खरेदी आयुष्यात प्रथमच होते. परदेशी असलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आया तर पहिली जीन्स बहुधा न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियातच घालतात, कारण तिथे थंडीत साडी खरोखरच गैरसोयीची ठरते आणि पाहणारे ओळखीचे कोणी नसते. परतल्यावर ती जीन्स पुण्यात घालायची की नाही, यावर मात्र पुष्कळ विचार होतो.

ऑनलाइन खरेदीबद्दल थोडक्यात सांगायचे तर घरात घालायचे गाऊन, कुर्त्या आणि लेगिंग्ज यांची खरेदी मुलीच्या किंवा सुनेच्या मोबाइलवरून होऊ लागली आहे. साडी मात्र पोत हाताने पाहिल्याशिवाय घ्यावीशी वाटत नाही, आणि चपलेच्या बाबतीत तर न घालून पाहता घेणे या वयात टाळलेलेच बरे. त्याचे कारण पुढे येईल.

ब्लाउज, परकर आणि नाडी

शरीरात होणारे बदल निवृत्तीच्या तारखेची वाट पाहत नाहीत, पण ते जाणवतात त्याच सुमारास. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि नितंब-मांड्यांकडे साठणारी चरबी पोटाकडे साठू लागते. वजन फारसे वाढले नसले तरी कंबरेचा आणि दंडाचा घेर बदलतो. याचा पहिला बळी ब्लाउज. साडीला माप नसते, ब्लाउजला असते. म्हणून पन्नाशीनंतर साड्या चांगल्या असूनही नेसता न येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे त्यांचे ब्लाउज. चांगला शिंपी शिवणीत माया ठेवतो आणि ती उसवून घेर वाढवता येतो, पण दोनदा उसवल्यावर माया संपते. मग नवा ब्लाउज शिवायचा तर त्याच रंगाचे कापड मॅचिंग सेंटरमध्ये शोधावे लागते आणि अस्तर धरून शिलाईचा खर्च साध्या सुती साडीच्या किमतीला जाऊन भिडतो. अनेक जणी या टप्प्यावर काळा, सोनेरी, मरून असे तीन-चार ताणणाऱ्या कापडाचे तयार ब्लाउज घेतात आणि पंधरा साड्यांना तेच वापरतात. शिंप्याला ही तडजोड आवडत नाही, पण व्यवहार म्हणून ती उत्तम आहे.

खांद्याच्या तक्रारीही याच वयात वाढतात. मधुमेह असलेल्यांना खांदा आखडण्याचा त्रास अधिक होतो. पाठीमागे हूक असलेले ब्लाउज किंवा डोक्यावरून घालायचा घट्ट कुर्ता तेव्हा अशक्य होतो आणि पुढून उघडणारे कपडे घ्यावे लागतात. नाडीची गाठ सोडायला बोटे दुखतात किंवा वेळ लागतो; ज्यांना लघवी फार वेळ धरून ठेवता येत नाही त्यांच्यासाठी हा वेळ मोठा असतो. या विषयावर दुकानात कोणी बोलत नाही, परंतु इलॅस्टिकचा परकर आणि इलॅस्टिकची सलवार या वयात एवढी का खपते, याचे एक उत्तर तिथे आहे.

कापडाच्या निवडीत वेळेचा हिशेब उलटा होतो. नोकरीत असताना पावसाळ्यात जॉर्जेट किंवा सिंथेटिक साडी सोयीची, कारण ती लवकर वाळते आणि इस्त्री लागत नाही. निवृत्तीनंतर वेळ आहे म्हणून सुती साड्यांकडे ओढ वाढते: नारायणपेठ, मंगळगिरी, बंगाली कॉटन. पण सुती साडीला खळ लागते, इस्त्री लागते, आणि अर्धा तास उभे राहून इस्त्री करणे गुडघ्यांना झेपतेच असे नाही. म्हणून मऊ सुती, मलमल, लिनन मिश्रित अशा चुरगळल्या तरी चालणाऱ्या साड्या घेतल्या जातात. जड कांजीवरम किंवा भरगच्च पैठणी एखादा तास बरी वाटते. लग्नात दिवसभर नेसायची तर खांदा भरून येतो, आणि ती कपाटात राहते.

पायांचा हिशेब

वयानुसार पाय लहान होत नाही, मोठा होतो. हे अनेकांना खरे वाटत नाही. तळपायाची कमान अस्थिबंध आणि स्नायुबंध यांनी ताणून धरलेली असते. आयुष्यभराच्या वजनाने ते सैलावतात, कमान खाली येते, आणि पाऊल लांब व रुंद होते. गरोदरपणातही काही स्त्रियांचा पाय कायमचा वाढतो. टाचेखाली आणि चवड्याखाली जी चरबीची गादी असते ती पातळ होत जाते, त्यामुळे पूर्वी मऊ वाटणारी चप्पल आता फरशीसारखी लागते. वर्षानुवर्षे निमुळत्या टोकाचे सँडल वापरले असतील तर अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेले असते. हा त्रास स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर चप्पल चावते आहे हेच कळत नाही आणि जखम झाल्यावर उशिरा लक्षात येते.

इतके सगळे होऊनही बहुतेक बायका पंचविशीतला नंबर सांगतात. "माझा सहा नंबर" हे वाक्य तीस वर्षांपूर्वी खरे होते. आपल्याकडे प्रचलित असलेल्या ब्रिटिश मोजपट्टीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. तेवढा फरक पायात वयानुसार सहज पडू शकतो. म्हणून प्रत्येक खरेदीच्या वेळी दोन्ही पाय मोजून घ्यावेत, मोठ्या पायाचे माप धरावे आणि खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पायांना थोडी सूज येते आणि सकाळी बसलेली चप्पल संध्याकाळी घट्ट होते. घालून न पाहता ऑनलाइन चप्पल घेण्याबाबत वर सावध केले ते यासाठी.

या वयातला सर्वांत लक्षणीय बदल म्हणजे बूट. आयुष्यभर चप्पल आणि सँडल वापरलेल्या कितीतरी मराठी बायका लेसचे बूट आणि मोजे पहिल्यांदा विकत घेतात त्या निवृत्तीनंतर. रक्तातील साखर किंवा गुडघेदुखी यांसाठी डॉक्टर चालायला सांगतात, सकाळचा वेळ आता मोकळा असतो, आणि पहिल्या आठवड्यात सँडल घालून चालून टाच दुखली की बुटांचे दुकान गाठले जाते. पंजाबी ड्रेसखाली आणि साडीखालीही स्पोर्ट्स शूज घालून टेकडी चढणाऱ्या बायका आता पुण्यात कोणाला नव्या वाटत नाहीत. वाकून लेस बांधणे कठीण जाते म्हणून वेल्क्रोचे किंवा सरळ पाय सरकवायचे बूट मागितले जातात. यातले पाय सरकवायचे प्रकार निवडताना टाच मागून घट्ट धरली जाते का, हे पाहावे.

उंच टाचा बहुधा आधीच सुटलेल्या असतात, कारण त्यांनी गुडघ्यावरचा भार वाढतो. पण त्या सुटल्यावर एक अनपेक्षित खर्च येतो. दोन इंची टाचेच्या हिशेबाने शिवलेले सारे परकर आणि सलवारी सपाट चपलेवर लांब पडतात. साडीचा काठ जमिनीला घासतो, फॉल झिजतो आणि जिना उतरताना निरी पायाखाली येते. हाडे विरळ होऊन उंचीच थोडी कमी झाली असेल तर आणखी. परकराची तळची पट्टी दुमडून शिवून घेणे हा अगदी किरकोळ खर्चाचा उपाय आहे, आणि पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका लक्षात घेतला तर तो लांबणीवर टाकू नये.

घरातल्या चपलेचा प्रश्न मात्र आपल्याकडे नाजूक आहे. टाचदुखी किंवा मधुमेह असलेल्यांना डॉक्टर घरातही मऊ, मागे पट्टा असलेली चप्पल घालायला सांगतात, कारण गुळगुळीत फरशीवर अनवाणी किंवा मोजे घालून चालताना घसरण्याचा संभव वाढतो. पायताण उंबऱ्याबाहेर, हा संस्कार असलेल्या घरात साठ वर्षांच्या बाईला हे पचत नाही. त्यावर निघालेला तोडगा बहुतेक घरांत सारखाच आहे: घरात वापरायचा स्वतंत्र जोड घ्यायचा, तो बाहेर न्यायचा नाही आणि देवघराशी काढून ठेवायचा. त्यामुळे पूर्वी ज्या खरेदीचे खातेच नव्हते ते उघडते. जुन्या रबरी स्लिपर घरात वापरणे हा मात्र खोटा किफायतशीरपणा. त्यांचा तळ झिजून गुळगुळीत झालेला असतो आणि टाच मोकळी असते.

एकूण जोड कमी होतात. पूर्वी साडीच्या रंगाला जुळणारे पाच-सहा जोड असत, आता तीन असतात: चालण्याचे बूट, घरातली चप्पल आणि बाहेर जाण्याची एक. पण प्रत्येकाची किंमत पूर्वीच्या दुपटी-तिपटीची असते, आणि ती देताना केलेला विचारही. पूर्वी रंग पाहून पाय त्यात बसवला जाई. आता पाय बसतो का ते पाहून रंग स्वीकारला जातो. इथे बाजाराचा दोष सांगायला हवा. आरामदायी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या चपला काळ्या, तपकिरी आणि निस्तेज करड्या रंगांतच का असाव्यात, याला वैद्यकीय कारण काही नाही. एमसीआर (मायक्रोसेल्युलर) या सच्छिद्र रबराच्या मऊ तळाची चप्पल औषधाच्या दुकानातल्या वस्तूसारखी दिसते म्हणून मधुमेह असूनही ती लग्नाला न घालणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही.

दुसरा दोष रुंदीचा. आपल्या दुकानांत चपला लांबीच्या नंबरांत मिळतात. रुंदीचा पर्याय जवळजवळ नसतोच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीयांचे पाय सरासरीने युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचे त्यात दिसले, आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. ती सर्वत्र वापरात येईपर्यंत रुंदी मिळवण्यासाठी एक नंबर मोठी चप्पल घेण्याची जुनी युक्ती चालूच राहील, आणि ती धोक्याची आहे: पाय पुढे सरकतो, टाच मागे मोकळी राहते आणि ठेच लागते. त्यापेक्षा पुढचा आणि मागचा असे दोन्ही पट्टे वेल्क्रोने सैल-घट्ट करता येतील अशी चप्पल योग्य नंबरात घेणे बरे.

कोल्हापुरीची हौस असलेल्यांनी ती सोडण्याचे कारण नाही. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल रुंद पायाला मुळातच सोयीची, आणि तिचे चामडे वापराने पायाच्या आकाराला बसते. तिचा सपाट, कडक तळ टाचेला सोसत नाही आणि ओल्या किंवा गुळगुळीत फरशीवर घसरतो, म्हणून मोचीकडून खाली खाचांचा रबरी तळ आणि आत पातळ मऊ थर लावून घेतात. पावसाळ्यात मात्र ती बाजूलाच ठेवावी. चामडे भिजले की फुगते, आणि वाळल्यावर आकसून पुन्हा त्या पायात बसत नाही.